पाणथळीकडचे तीस एकर

सोमवार, दिनांक ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी सात वाजता मी लुंडबीच्या कबरस्थानात जाऊन माझ्या स्वतःच्या कबरीची जागा मोजली, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. आदल्या शुक्रवारी डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल असे सांगितले होते. दोरी आईवडिलांच्या ओळीशी समांतर आहे की नाही हे मी दोन्ही टोकांकडून पाहिले. एका टोकाला तीन बोटे फरक होता, तो काढला. हे काम दुसऱ्या कोणावर सोपवले असते तर मला जगाच्या अंतापर्यंत तिरके पडून राहावे लागले असते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

सबब मी, गेलेन ऑर्डाल, वय वर्षे एकोणपन्नास, अविवाहित, धंदा चर्चची देखभाल व कबरी खणणे, राहणार लुंडबी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट या गावात मी गेली बावीस वर्षे इतरांवर दबाव आणतो आहे आणि त्याचा उपयोग झालेला नाही. गुरुवारी, सोळा तारखेला, शहरातील रुग्णालयात माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात शंभरातले सत्त्याण्णव घरी परततात. उरलेल्या तिघांनी आपली कपाटे आवरून ठेवलेली असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

वकीलबाईंनी मला एकपानी छापील नमुना दिला होता. त्यात शेवटी ‘इतर’ या शब्दापुढे दोन ओळींची जागा होती. लुंडबीत जे काही महत्त्वाचे आहे ते सगळे ‘इतर’मध्येच येते, म्हणून मी वही घेतली.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि अर्धा एकर जागा माझी बहीण जॉयस हिला मिळावी. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील. ती घर विकणार हे मला माहीत आहे आणि माझी त्याला हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला तळघरात एप्रिलमध्ये पाणी शिरते हे आधी सांगावे. आमच्या वडिलांना ते कोणी सांगितले नव्हते. ज्याने विकले तो शेजारीच राहत होता आणि तीस वर्षे दर एप्रिलला बादली घेऊन मदतीला येत होता. पण सांगितले नाही ते नाहीच.

कलम २. बँकेत जे असेल ते चर्चच्या छपरासाठी द्यावे. छपरासाठीच. भिंतीवर पडदा लावून त्यावर स्तोत्रे दाखवण्याची जी टूम समितीत निघाली आहे तिच्यासाठी नाही. आमच्या चर्चमध्ये रविवारी एकोणीस माणसे येतात आणि त्या सगळ्यांना सगळी स्तोत्रे पाठ आहेत. समितीने छप्पर सोडून दुसरीकडे पैसा वळवला तर तो सगळा परत जॉयसकडे जावा, म्हणजे समितीला जॉयसशी बोलावे लागेल. तेवढी शिक्षा पुरेशी आहे.

कलम ३. फावडी, हिरवळ कापायचा सुरा, जमीन चाचपायची लोखंडी सळई आणि दोरीची गुंडाळी हे सारे क्लेटन राउट याला द्यावे. माझ्यानंतर शेजारच्या गावाहून तोच खणायला येईल. क्लेटनची मेहनत चांगली आहे, नजर चांगली नाही. दोरी दिली आहे ती वापरण्यासाठी आहे, पिकअपमध्ये लोळत ठेवण्यासाठी नाही. जानेवारीत जमीन चार फूट गोठते तेव्हा कोळशाचा शेगडा आदल्या दुपारीच पेटवावा लागतो. हे मी त्याला तीन वेळा तोंडी सांगितले आहे. आता लेखी सांगतो.

कलम ४. माझी पिकअप गाडी कॅफे चालवणाऱ्या डार्ला ओस्ली हिला द्यावी. मलाच का, असे ती विचारील. जॉयसने काही सांगू नये.

कलम ५. अंत्यविधीनंतरचे जेवण चर्चच्या तळघरात, नेहमीप्रमाणे. बनमध्ये हॅम, लोणच्याची काकडी, पातेलेभर भाजलेला खिमा-बटाटा, कॉफी. हिरव्या जेलीत किसलेले गाजर घालू नये. मी लहानपणापासून ती जेली आदराने खात आलो आहे, कारण करणारी बाई नेहमी समोर उभी असायची. आता मी बोलू शकतो. गाजर नको.

कलम ६. पलंगाखालच्या दोन खोक्यांत त्रेसष्ट पाने आहेत. आमच्याकडे माणूस गेला की प्रवचनाआधी त्याच्या आयुष्याचे एक पान वाचून दाखवतात, आणि गेली बावीस वर्षे ते पान मी लिहितो. पूर्वी पास्टर लिहीत. पण पास्टर दर चार वर्षांनी बदलतात आणि माणसे तीच राहतात, म्हणून हे काम कबर खणणाऱ्याकडे आले. ही पाने जिल्ह्याच्या वाचनालयात द्यावीत. ती पाने म्हणजे माझा खरा उद्योग आणि माझा खरा वैताग आहे.

आमच्या म्हाताऱ्यांकडून त्यांचे आयुष्य काढून घेणे म्हणजे गोठलेल्या जमिनीत चमच्याने खणणे. टिलमन फॉस यांच्या पलंगाशी मी वही घेऊन चार दुपारी बसलो.

“काय लिहू, टिलमन?”

“शेती केली म्हणून लिही.”

“आणखी?”

“मग थांबलो.”

त्यांना पुरल्यावर कळले की वीस वर्षे रस्त्यापलीकडच्या विधवेच्या दारातले बर्फ ती उठायच्या आत तेच काढत होते. ती बाई दर वसंतात पंचायतीला आभाराचे पत्र पाठवत होती आणि पंचायत ते मुकाट्याने ठेवून घेत होती. ऑस्कर लिंडाल यांनी तर ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा होता ते दोनदा लिहून घेतले आणि तिन्ही मुलींचा उल्लेख नको म्हणाले.

“का नको?”

“त्या माझ्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरचं कुणाला माहीत नाही.”

मी देवावर श्रद्धा ठेवणारा माणूस आहे. ही माणसे चांगली आहेत याबद्दल मला शंका नाही. पण चांगुलपणा इतका लपवून ठेवायचा असतो असे प्रभूने कुठे सांगितल्याचे मला माहीत नाही, आणि सांगितले असेल तरी लुंडबीने ते जरा जास्तच मनावर घेतले आहे.

कलम ७. हे कलम मालमत्तेबद्दल नाही. वकीलबाई म्हणाल्या की असे कलम असू शकत नाही. आहे.

डार्लाच्या कॅफेत रोज सकाळी लांब टेबलाशी आठ म्हातारे बसत. आता पाच उरले आहेत. एका टोकाला पामर ब्रेक्के, वय नव्वद. दुसऱ्या टोकाला आर्डेल नीगार्ड, वय अठ्ठ्याऐंशी. दोघांच्या शेतांमध्ये एकच कुंपण. हे दोघे १९८६ च्या ऑक्टोबरपासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. भांडण नाही. भांडण झाले असते तर ते मिटवता आले असते. पामर यांना मीठ हवे असले की ते म्हणतात, “डार्ला, मीठ तिकडं फार दिवस राहिलंय.” मग आर्डेल छताकडे पाहत मीठ पुढे सरकवतात. हे एकोणचाळीस वर्षे चालले आहे आणि टेबलावरच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

झाले ते असे. त्या वर्षी पामर यांची पत्नी एल्व्हेरा रुग्णालयात होती, पामर तिच्या उशाशी होते आणि त्यांचा मका शेतात उभा होता. अशा वेळी आमच्याकडे कोणाला बोलवावे लागत नाही. शनिवारी सकाळी अकरा शेजारी अकरा हार्वेस्टर घेऊन आले, बायकांनी जेवण आणले आणि दिवस मावळायच्या आत सगळे शेत निघाले. पुढच्या आठवड्यात पामर यांनी साप्ताहिकात आभार छापले, अकराही नावांनिशी. त्यात आर्डेल यांचे नाव नव्हते. सर्वांत जवळचा शेजारी, एकाच दिवशी दोघांच्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला, तोच आला नाही. पामर यांनी विचारले नाही. मी एकदा त्यांना म्हटले, “काही कारण असेल.” ते म्हणाले, “आला असता तर दिसला असता.” विषय संपला.

आता खरे. पामर यांचे पाणथळीकडचे तीस एकर एवढे ओले होते की जड हार्वेस्टर तिथे रुतलाच असता. आर्डेल यांच्याकडे कणसे तोडणारे दोन ओळींचे जुने, हलके यंत्र होते. त्या शनिवारच्या आधी, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार, तिन्ही सकाळी जमीन गोठून कडक असेपर्यंत ते एकटे तिथे चालवत राहिले. ऊन आले आणि चिखल सुटला की बाहेर यायचे. तीस एकर त्यांनी एकट्याने काढले आणि पामर यांच्या कणगीत भरले. शनिवारी ते तापाने अंथरुणात होते. अकरा माणसे आली. पाणथळीकडचे शेत रिकामे दिसले. प्रत्येकाला वाटले की उरलेल्या दहांपैकी कोणीतरी काढले. कोणी कोणाला विचारले नाही, कारण विचारले तर ज्याने केले त्याला संकोच होईल.

शेवटच्या दिवशी बाहेर येताना आर्डेल यांच्या यंत्राचा धक्का लागून पामर यांच्या गेटचा खांब वाकला होता. बरे वाटले की दुरुस्त करू असे त्यांनी ठरवले. तेवढ्यात साप्ताहिक आले. आपले नाव नाही हे पाहून आर्डेल यांनी ठरवले की पामर गेटवरून रागावले आहेत. पुढच्या रविवारी पामर चर्चमध्ये असताना त्यांनी गेट नवे करून बसवले आणि घरी गेले. ते गेट कोणी बसवले हे पामर यांना आजपर्यंत माहीत नाही. ते जिल्ह्याने बसवले असावे, असे त्यांचे मत आहे.

मला हे आर्डेल यांच्या पत्नीने, बर्निसबाईंनी, सहा वर्षांपूर्वी सांगितले. मी त्यांचे पान लिहायला गेलो होतो. त्यांच्याकडे फार दिवस नव्हते आणि त्यांना ते माहीत होते.

“माझं राहू दे,” त्या म्हणाल्या. “आर्डेलच्या पानात हे लिही. पण तो गेल्यावर. जिवंतपणी कुणी बोललं तर तो मला तिकडं येऊन बोल लावील. शब्द दे.”

“पण बर्निस, पामरना कळायला नको?”

“कळेल की. आर्डेलच्या अंत्यविधीला येईलच तो. जेवण असतं.”

मी शब्द दिला. मरणाऱ्या बाईला दुसरे काय देणार. आणि सहा वर्षे पस्तावलो. आडून आडून प्रयत्न केले. आर्डेल यांना विचारले, “शहाऐंशी साली मका कसा होता?” “ओला,” ते म्हणाले. पामर यांना विचारले, “तुमचं ते पाणथळीचं शेत त्या वर्षी कोणी काढलं?” “पोरा, अकराजण होते. नावं पेपरात आहेत.”

आता हिशोब असा आहे. आर्डेल आधी गेले तर पामर यांना हे चर्चच्या बाकावर बसून ऐकावे लागेल आणि ज्याच्याशी बोलायचे तो पेटीत असेल. पामर आधी गेले तर त्यांना कधीच कळणार नाही. आणि गुरुवारी मी गेलो तर कोणालाच नाही. आर्डेल यांच्या पानावर कोणीतरी “शेती केली” एवढे लिहील आणि सगळे मान डोलावून हॅम खायला तळघरात उतरतील. हे पान बंद पाकिटात घालून सध्याच्या पास्टरबाईंकडे द्यावे असेही मनात आले होते. बाई भल्या आहेत. पण त्या हे अगदी हळुवार आवाजात वाचतील आणि नंतर सर्वांना मिठी मारायला सांगतील. मग दोघेही म्हातारे गाव सोडतील.

कलम ८. मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडणे हे पाप आहे की नाही, हे विचारायला मी मागच्या आठवड्यात तीन दिवस कामे आटोपल्यावर रिकाम्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. मनापासून विचारले. उत्तर आले नाही. तळघरातली उबेची भट्टी सुरू झाली, बंद झाली. देवही आमच्याच भागातला असावा असे क्षणभर वाटून गेले, आणि त्याबद्दल मी लगेच क्षमा मागितली. तिसऱ्या दिवशी उठताना एवढे मात्र कळले की मी ज्यांच्यावर इतकी वर्षे चिडत आलो आहे, त्यांच्या टेबलावरची नववी खुर्ची माझीच आहे. मलाही ठाऊक होते आणि मीही गप्प होतो. फक्त माझ्याकडे सबब चांगली होती.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी हजर राहून, एकमेकांच्या देखत सही करावी आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून पामर ब्रेक्के आणि आर्डेल नीगार्ड यांना मी काहीही ठेवलेले नाही. दोघांना वेगवेगळे फोन केले.

“पामर, मंगळवारी दहाला सही करायला याल का?”

“कशावर?”

“माझ्या मृत्युपत्रावर.”

“मरतोयस?”

“बहुतेक नाही.”

“बरं. गाडी लावायला जागा आहे ना?”

माझ्या रस्त्यावर चार घरे आहेत. जागा आहे असे सांगितले. आर्डेल फक्त म्हणाले, “कॉफी असेल?” दुसरा साक्षीदार कोण हे दोघांनीही विचारले नाही. विचारणार नाहीत याची मला खात्री होती.

कलम ९. हे कलम मी मंगळवारी, चौदा तारखेला, पावणेअकरा वाजता माझ्या स्वयंपाकघरात, ते दोघे समोर बसलेले असताना लिहीत आहे.

पामर आधी आले. आर्डेल दारात दिसले तेव्हा पामर मला म्हणाले, “दुसरं कोणी मिळालं नाही का तुला?” आर्डेल यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि भिंतीवरचे बी-बियाण्यांच्या दुकानाचे कॅलेंडर वाचायला घेतले. मी कॉफी ओतली. सही करण्याआधी एक कलम वाचून दाखवतो म्हणालो, आणि कलम सात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभ्याने वाचले.

वाचून झाल्यावर आर्डेल यांनी कप खाली ठेवला.

“बर्निसनं सांगितलं?”

“हो.”

“बाई फार बोलायची.” थोड्या वेळाने, “चांगली होती,” म्हणाले.

पामर आपल्या हातांकडे बघत होते. मला वाटले, उठून जाणार. मग त्यांनी मान वर केली आणि एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा थेट आर्डेल यांच्याकडे बघून बोलले.

“पाण्याच्या कडेला चार ओळी राहिल्या होत्या.”

कॉफीचे भांडे माझ्या हातात होते. ते मी फेकले नाही, याची नोंद स्वर्गात व्हावी.

आर्डेल म्हणाले, “खाली पाणी होतं. रुतलो असतो.”

“मी म्हटलं, अकराजणांत एवढा आळशी कोण निघाला.”

“आळस नव्हे. पाणी.”

“एल्व्हेराला माती देऊन आलो आणि त्या चार ओळी मी हातानं तोडल्या. दोन दिवस. बुटात पाणी.”

“माहीत आहे. कुंपणापलीकडून बघत होतो.”

“मग आला नाहीस?”

“यायला निघालो होतो,” आर्डेल म्हणाले. “वाटलं, तुला गेटचा राग आहे.”

“गेटचा राग मला कधी होता?” पामर म्हणाले.

मी दोघांकडे पाठ करून सिंकपाशी जाऊन उभा राहिलो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिले तर पामर यांनी आपली खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला नेली होती. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी डावा कान आर्डेल यांच्याकडे केला होता.

“हं,” ते म्हणाले. “गेटचं सांग.”

आता ते गेटवर बोलत आहेत. खांब ओकचा होता की देवदारचा यावरून आवाज चढले आहेत. आर्डेल मध्येच मला म्हणाले, “आटप रे पोरा, तिकडं काय कादंबरी लिहितोस?” पामर म्हणतात की मी गुरुवारी मेलो तर हे सगळे अंत्यविधीला वाचायला लागेल, आणि एवढे लांब वाचत बसले तर कॉफी गार होईल.

बर्निसबाईंना दिलेला शब्द मी आज जाणूनबुजून, शुद्धीवर असताना मोडला आहे. त्याचा जाब मी गुरुवारी किंवा नंतर, जेव्हा विचारला जाईल तेव्हा, स्वतः देईन. या कृत्यात कोणी भागीदार नाही. ते मी केले आहे, आणि ते मागे घेत नाही.

लुंडबी, मिनेसोटा
मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२५

सही: गेलेन ऑर्डाल

गेलेन ऑर्डाल यांनी वरील कागदावर आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर, एकाच टेबलाशी बसून, एकमेकांच्या देखत साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत.

साक्षीदार: पामर ब्रेक्के
साक्षीदार: आर्डेल नीगार्ड